पाखऱ्याचा नैवेद्य

देवखिंडीच्या मानाजीराजांना पालेभाजीचं नावही खपत नसे. घोड्यावर चढताना त्यांना दोन माणसांचा आधार लागू लागला, तेव्हा वैद्य म्हणाले, "महाराज, आता पानात भाकरी, पालेभाजी आणि मोडाच्या मुगाची उसळ येऊ द्या."

"हा तर घोड्याचा चारा," राजे गरजले. "पुन्हा असा सल्ला देणाऱ्याला राज्याबाहेर काढीन."

वैद्य आल्या पावली परत गेले. राणी गुणवंताबाई मात्र दसऱ्याची वाट पाहत राहिल्या.

दसऱ्याला राजांच्या लाडक्या घोड्याची, पाखऱ्याची पूजा झाली. रिवाजाप्रमाणे त्याला गुळाचा खडा द्यायचा. राणीसाहेबांनी भरलेलं ताटच पुढे केलं. त्यात तुपात तळलेल्या पुऱ्या होत्या, जिलब्या होत्या, बासुंदी होती. राजांनी घाईने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"वेड लागलंय का? हे खाऊन जनावर आडवं होईल. हिरवा चारा आणि भिजवलेले हरभरे खातो म्हणून तर तो असा धावतो. त्याला भलतंसलतं चारणाऱ्याला मी तुरुंगात टाकतो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," राणीसाहेब शांतपणे म्हणाल्या. "हे ताट आपल्याच जेवणाचं आहे, मुदपाकखान्यातून आत्ताच आणवलं. घोड्यापुढे एकदा धरलं तर तुरुंग. मग घोड्याच्या धन्याला मी हेच रोज वाढते, त्याची शिक्षा काय?"

राजे बराच वेळ पाखऱ्याच्या आयाळीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वैद्यांना बोलवा. आणि ती उसळ जरा तिखट करायला सांगा."

पुढच्या दसऱ्याला राजे कुणाचाही आधार न घेता पाखऱ्यावर चढले.