पिरॅमिडपुढे उभे राहिलेले तात्या

एकदा एक शिष्य अर्धी पृथ्वी पालथी घालून आपल्या गुरूंकडे आला. जगातल्या नामांकित वास्तूंवर त्याने माहितीपट बनवला होता, तोही भल्या रुंद पडद्यासाठी. त्यात त्याची दोन वर्षे गेली होती. पण पहिल्या खेळानंतर चित्रपटगृहाचे मालक म्हणाले होते, "चित्रं देखणी आहेत हो, पण अर्धे लोक मध्यंतराआधीच उठले. गुरुवारी पुन्हा दाखवा. तेव्हाही उठले, तर मी हा लावणार नाही."

गुरू जुने कॅमेरामन. सारे त्यांना तात्या म्हणत. रिकाम्या चित्रपटगृहात बसून ते पाहू लागले. ताजमहाल आला, चीनची भिंत आली; एकाही चौकटीत माणूस नाही! ही शिष्याची खास करामत. तो पहाटेपासून ताटकळत असे, पहारेकऱ्यांच्या विनवण्या करी आणि तरीही कुणी मध्ये आलेच, तर तेवढा भाग कापून टाकी.

पिरॅमिडचा पायथा दिसला, तसे तात्या काठी टेकत उठले आणि थेट पडद्यापुढे जाऊन उभे राहिले.

"तात्या, चित्र झाकलं जातंय," शिष्य कळवळून म्हणाला.

"जाऊ दे. तू बघ."

शिष्याने पाहिले. खालच्या थरातला एकेक दगड तात्यांच्या छातीला लागत होता, आणि असे थर वर वर चढत छतापर्यंत गेले होते. प्रत्यक्ष तिथे पोचल्यावर पहिल्या दिवशी दडपली होती, तशी त्याची छाती आता दडपली.

"इतका वेळ हा पिरॅमिड आहे की नैवेद्याचा मोदक, हेच मला कळेना," तात्या म्हणाले. "अरे, कुणीतरी मान वर करून शेजारी उभं राहतं, तेव्हा दगडाचा मोठेपणा दिसतो. तू पडदा रुंद केलास आणि त्यावरची माणसं झाडून काढलीस. मग बघणाऱ्यानं उभं राहायचं कुठं? कापलेले तुकडे आहेत ना?"

"आहेत."

"मग घाबरतोस कशाला? चित्रपट तयार आहे तुझा."

गुरुवारी पडद्यावर ताजमहालापुढे एक आजोबा चष्मा पुसत होते. चीनच्या भिंतीवर एक म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून पायऱ्या चढत होती. शेवटपर्यंत कुणी जागचे हलले नाही.

दिवे लागल्यावर मालक तात्यांशेजारी बसलेल्या शिष्यापाशी आले. "ती भिंतीवरची म्हातारी... वर पोचली का हो?"

शिष्याची मान खाली गेली. "ठाऊक नाही. मीच तिला बाजूला व्हायला सांगितलं, आणि कॅमेरा बंद केला."

मालक हळहळले. "उद्यापासून लावू," एवढे बोलून निघाले. दारापाशी मात्र थांबले, वळले आणि तात्यांना म्हणाले, "पोचली असेल, नाही?"