आडवी काठी

फार पूर्वी, विंध्याच्या पायथ्याशी सोमगिरी नगरात उग्रतेज राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व राजाच्या धावकांच्या एका ठाण्याचा नायक होऊन राहत होता. त्या जन्मी त्याचे नाव क्षेमक होते. ठाणे एका खिंडीच्या तोंडाशी होते; खिंडीतून घोडा जात नसे. नगराकडून आलेला निरोप इथल्या धावकाने घ्यायचा आणि तीन कोस खिंडीतून धावत पलीकडच्या ठाण्यावर पोचवायचा, एवढे त्यांचे काम.

खिंडीत एक वाघीण होती.

प्रत्येक धावकाच्या हातात घुंगरांची काठी असे. घुंगरांचा आवाज ऐकून जनावर बाजूला होते असे आधी सगळे समजत. मग माणसे बळी जाऊ लागली, तेव्हा कळले की ही वाघीण घुंगरांना भीत नाही. ती ते ऐकते. पाऊल एका लयीत पडत आहे तोवर ती झुडपात पडून राहते. लय मोडली की ती उठते. दमलेला माणूस तिला दिसावा लागत नाही.

म्हणून क्षेमकाने ठाण्याला एक नियम घालून दिला होता. धावकांनी रोज पहाटे ओढ्यापर्यंत धावायचे, मागचा चढ चढायचा, दगड उचलायचे. त्यातून कोणाची सुटका नव्हती. पण दर चौथ्या दिवशी कोणी धावायचे नाही. आणि खिंडीतून जाऊन आलेल्याने आपली काठी ओसरीवर आडवी ठेवायची. दोन दिवस ती आडवीच राहील. तोवर त्याने पायांना तेल लावावे, गरम पेज प्यावी, झोपावे. काठी आडवी आहे तोवर त्याला कोणीही कामावर पाठवायचे नाही.

ठाण्यावर दोन भाऊ होते. थोरला जवन, धाकटा कुमुद. त्यांचे वडीलही धावक होते. सात वर्षांपूर्वी ते खिंडीत गेले आणि परत आली ती फक्त त्यांची काठी. तेव्हापासून जवनानेच कुमुदला वाढवले. त्याला धावायला शिकवले, पायात काटा मोडला की दातांनी काढून दिला. जवनाइतका वेगवान धावक त्या मुलखात नव्हता. पण आडवी काठी त्याला सहन होत नसे. दुपारी सगळे झोपले की तो गुपचूप टेकडीमागे जाई आणि चढावर धावत राही.

एका चौथ्या दिवशी कुमुद त्याच्या मागोमाग गेला.

"दादा, आज चौथा दिवस आहे."

"मग? वाघिणीला माहीत आहे का आज चौथा दिवस आहे ते?"

"क्षेमककाकांना कळलं तर?"

"तू जा, झोप. झोपून झोपून चांगला गुबगुबीत हो. म्हणजे ती आधी तुला खाईल, मला पळायला वेळ मिळेल."

कुमुद हसला. मग त्याची नजर भावाच्या पायांकडे गेली. नडग्या सुजून चकाकत होत्या. जवन उभा होता, तरी त्याची पोटरी आपोआप उडत होती.

"दादा, हे काय करून घेतलंस?"

जवन खाली बसला. मग म्हणाला, "आडवा पडलो की मला ती ऐकू येते रे. पाचोळ्यात पाय टाकताना. धावायला लागलो की येत नाही. एक दिवस बसलो तर पाय जड होतील, आणि ती तेवढीच वाट बघत असेल. काकांना सांगू नकोस. माझी शपथ आहे तुला."

कुमुदने सांगितले नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी नगराकडून एक राजपुरुष घोडा फेकत आला. खिंडीपलीकडे राजाचे सैन्य शेजारच्या राज्यावर तुटून पडायला थांबले होते. उद्या उजाडताच ते निघणार होते. पण आज सकाळी दोन्ही राजांमध्ये तह झाला होता. सैन्याला थांबवणारा निरोप आज पलीकडे पोचला नाही, तर तहाच्या दुसऱ्याच दिवशी गावे जळणार होती.

"तुमच्यात सगळ्यांत वेगवान कोण?" राजपुरुषाने विचारले.

"मी," जवन म्हणाला.

"तो कालच जाऊन आलाय," क्षेमक म्हणाला. "त्याची काठी आडवी आहे. कुमुद जाईल. त्याची विश्रांती झालीय."

"काठीचं काय घेऊन बसलास, म्हाताऱ्या! उशीर झाला तर मुंडकं जाईल तुझं."

"मुंडकं कुठं पळून जात नाही. मी इथंच बसलोय. पण जाईल कुमुदच."

कुमुदने कमरेला निरोपाची थैली बांधायला घेतली. तेवढ्यात जवनाने ती त्याच्या हातातून हिसकावली. ओसरीवरची आपली काठी उचलली. त्याचे डोळे भलतेच मोठे झाले होते.

"जिथं बाबा गेले तिथं मी याला पाठवू? आणि मी इथं तेल चोळत पडू?"

"जवना, थांब," क्षेमक म्हणाला. "तुझ्या पायांकडे बघ."

"दादा!" कुमुद ओरडला.

पण तो गेला होता.

ठाण्यामागे एक उंच खडक होता. तिथून खिंडीतला आवाज ऐकू येई. क्षेमक, कुमुद आणि राजपुरुष त्यावर चढले. खालून घुंगरे वाजत होती, एका लयीत, ठाशीव. पहिले वळण गेले. ओढा गेला. राजपुरुष म्हणाला, "बघा, उगीच घाबरवलंत." क्षेमकाने डोळे मिटले होते. त्याचा हात मांडीवर ठेका धरत होता.

मग एक ठेका चुकला.

क्षेमकाचा हात तसाच वर राहिला. घुंगरे पुन्हा वाजली, घाईघाईने, दोनदा एकदम. मग बराच वेळ काही नाही. मग एकदाच. आणि मग खिंडीत वारा तेवढा राहिला.

"वाघीण?" राजपुरुषाने विचारले.

कुमुद खडकावरून उडी टाकायला निघाला होता. क्षेमकाने त्याचा दंड घट्ट धरला. "जायचंच आहे. मीही येतो. पण एका लयीत चालायचं. तू जोरात पळालास तर आज दोघे जातील."

दोघे दोन काठ्या घेऊन खिंडीत शिरले. क्षेमकाचा एक गुडघा वाकत नसे. तरी तो एका ठेक्यात पाय टाकत राहिला. वर ऊन होते, खाली सावली. माकडे गप्प होती. कुमुदला पाठीवर कोणीतरी बघत असल्यासारखे वाटत होते. पाचोळा वाजला की तो काठी घट्ट धरी. त्याला पळायचे होते. प्रत्येक पावलाला पळायचे होते. तो चालत राहिला.

ओढ्यापलीकडे, एका ऐनाच्या बुंध्याला टेकून जवन बसला होता.

रक्त नव्हते. ओरखडा नव्हता. आसपासच्या ओल्या मातीत वाघिणीचा एकही ठसा नव्हता. पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या घट्ट झाल्या होत्या आणि तोंड उघडे होते, जणू अजून एक श्वास घ्यायचा राहिला होता. काठी त्याच्या मांडीवर आडवी पडली होती.

वाघीण त्याच्याकडे आलीच नव्हती.

कुमुदने त्याला हलवले. हाक मारली. मग त्याच्या छातीवर कान ठेवला आणि तसाच राहिला. "मला माहीत होतं, काका," तो म्हणाला. "तो टेकडीमागे धावायचा. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. त्यानं शपथ घातली होती." तो एकदम उठला. भावाच्या कमरेची थैली ओढून काढली. "मी जातो. मी आत्ता पळतो."

"आधी बस," क्षेमक म्हणाला.

"गावं जळतील!"

"तुझा श्वास बघ कसा चाललाय. असाच पळालास तर दुसऱ्या वळणावर पडशील. श्वास जागेवर येईपर्यंत बस. मी उभा आहे."

कुमुद भावाला टेकून बसला. क्षेमक म्हणाला, "तुझ्या बापाला तीन दिवस सलग मीच पाठवलं होतं. दुसरा कोणी नव्हता आणि राजाची घाई होती. त्याची घुंगरं मी त्याच खडकावरून ऐकली. काठी आडवी ठेवायला मी त्यानंतर शिकलो. तू सांगितलं नाहीस, त्याचं ओझं माझ्याजवळ ठेव. ते घेऊन तुला धावता येणार नाही."

तेवढ्यात समोरचे करवंदीचे झुडूप हलले. वारा नव्हता. पानांत दोन पिवळे डोळे होते. ते जवनाकडे बघत नव्हते. ते कुमुदच्या वर-खाली होणाऱ्या छातीकडे बघत होते. क्षेमकाने काठी जमिनीवर टेकली. छन. मग पुन्हा. छन. ठेका लांबत नव्हता, तुटत नव्हता. कुमुद त्या ठेक्यावर श्वास घेऊ लागला. पहिल्यांदा मध्येच तुटला. मग आत गेला. मग बाहेर आला.

डोळे बराच वेळ तिथे होते. मग नव्हते.

"आता जा," क्षेमक म्हणाला. "मी याच्याजवळ आहे."

"तुम्ही एकटे?"

"हा आहे की."

कुमुद निघाला. मागून घुंगरे ऐकू येत होती, छन, छन, आणि तो त्याच ठेक्यावर पाय टाकत राहिला. आवाज बारीक होत गेला, पण मोडला नाही. दिवस मावळायच्या आत तो पलीकडच्या ठाण्यावर पोचला. निरोप पुढे गेला, सैन्य थांबले. तिथल्या लोकांनी त्याला लगेच परत फिरायला मशाली आणि सोबत देऊ केली. कुमुदने आपली काठी त्यांच्या ओसरीवर आडवी ठेवली, तिच्याशेजारी अंग टाकले, आणि मग तो रडला.

क्षेमक मात्र ठाण्यावरची माणसे मशाली घेऊन येईपर्यंत काठी वाजवत तिथेच बसून होता. जवनाला त्याने एकटे ठेवले नाही.

अनेक जन्मांनंतर शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात ही कथा सांगितली, तेव्हा समोर सुवीर नावाचा एक भिक्षू बसला होता. तो नऊ दिवस झोपला नव्हता. डोळा लागला तर साधना तुटेल या भीतीने तो दिवसरात्र फेऱ्या घालत होता आणि त्याच्या तळव्यांतून रक्त येत होते. सुवीराची ही अवस्था शास्त्यांना सांगितली होती त्याच्या धाकट्या भावाने, सोमिल भिक्षूने. सुवीराने त्याला शपथ घातली होती. तरी त्याने सांगितले.

शास्ते म्हणाले, "त्या वेळचा जवन म्हणजे हा सुवीर. कुमुद म्हणजे सोमिल. तो राजपुरुष आज या विहाराचा द्वारपाल आहे. आणि धावकांचा नायक क्षेमक मीच होतो. भिक्षूंनो, उद्योग हे बळ आहे. पण कुठे थांबायचे हे जाणणारी प्रज्ञा नसेल, तर तेच बळ माणसाला मारते."

सोमिलने भावासाठी चटई अंथरली. सुवीर तिच्याकडे बघत राहिला. मग तो आडवा झाला. सोमिल त्याच्या उशाशी बसून त्याचे श्वास ऐकू लागला. ते एका लयीत चालू लागले, तरी सोमिल तिथून उठला नाही.