करवंदीच्या जाळीतलं रोप

दूर समुद्रात एक बेट होतं आणि तिथल्या म्हाताऱ्या रानजायफळाच्या ढोलीत एका धनेशाचा संसार होता. मुलांनो, धनेशांची रीत ठाऊक आहे ना? अंडी घालायच्या वेळी मादी आत बसून ढोलीचं तोंड लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. पण या बेटावर फळं उरली होती कुठे? माणसं होड्यांतून आली, जंगल तोडून जाळलं, चार पिकं काढली आणि शेळ्या तिथेच टाकून चालती झाली. शेळ्याच त्या, उगवेल तो कोंब फस्त! फळं देणारं झाड आता हे एकच, आणि तेही आतून पोखरलेलं. ते पडलं तर पिल्लांनी पुढे खायचं काय, या काळजीने धनेशाचा जीव टांगणीला लागला होता.

उजाड माळावर त्याने किती बिया टाकल्या! रुजली एकच, तीही करवंदीच्या जाळीत. रोप चांगलं वीतभर झालं, पण भोवतीचे काटे पाहून धनेशाचं डोकं फिरलं. "ही मेली माझ्या रोपाचा गळा आवळतेय!" त्याने रानडुकराला गाठलं. "खणून काढ ही जाळी. रोपाला ऊन मिळू दे."

जाळीतला बुलबुल कळवळून म्हणाला, "धनेशकाका, नका हो! ही जाळी आहे म्हणून तर..."

"तू गप रे! काट्यात राहणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये."

डुक्कर थबकलं. "धनेशराव, विचार करा. उपटलेलं मला परत लावता येत नाही."

"खण म्हटलं ना!"

डुकराने मुसंडी मारली. मुळं तडातड तुटली, जाळी कोलमडली आणि रोप उघडं पडलं. धनेश वर बघतो तो काय, खडकावरच्या शेळीने कान टवकारले होते. "अरे, अडव तिला!" डुक्कर तिच्यामागे धावलं, तेवढ्यात दुसऱ्या अंगाने सगळा कळप उतरला. धनेशाने चोची मारल्या, पंख आपटले. एका शेळीने निवांत मान खाली घातली. एकच घास, आणि रोप गेलं.

धनेश कसाबसा ढोलीपाशी आला. आतून धनेशीण म्हणाली, "अहो, झाड फार करकरतंय. पण मी नाही घाबरत. आपलं रोप आहे ना!"

धनेशाला रडू कोसळलं. "नाही गं," तो म्हणाला, "त्याचं कुंपण मीच मोडलं."

तात्पर्य : काटे दिसले म्हणून जाळी उपटू नये, ती कुणाला राखते आहे, ते आधी पाहावं.