जाळ, हंडी आणि जून मेंढी

फार जुनी गोष्ट. माळावर उतरलेल्या एका धनगरवाड्यात, तीन दगडांच्या चुलीत एक जाळ राहायचा. भारी तोरा त्याचा! एकदा त्याने कोकराचं मटण बघता बघता शिजवलं आणि तायव्वा धनगरणीने "काय जाळ हाय!" म्हणून त्याचं कौतुक केलं. तेव्हापासून स्वारी हवेतच होती.

दुसऱ्या दिवशी हंडीत जून मेंढीचं मटण पडलं. जाळ उसळून म्हणाला, "हे तर चुटकीसरशी करतो!" हंडी रटरटत राहिली, पण मटण वातड ते वातडच.

"चामडं आहे नुसतं! कुत्र्यांना घाला," म्हणत जाळ आणखी भडकला. तसा रस्सा उतू गेला, त्याच्याच अंगावर सांडला आणि तो विझता विझता वाचला.

"अरे बाबा," हंडी म्हणाली, "ही डोंगर चढून-उतरून जून झालीय. धाकानं नाही मऊ व्हायची. जरा बस तिच्यापाशी."

तायव्वाने लाकडं मागे ओढली. जाळाचा विस्तव झाला. हिरमुसला, पण करतो काय? धुमसत बसला. उन्हं कलली, मेंढरं परतली, तेव्हा कुठे मटण हाडापासून सुटू लागलं आणि वास अख्ख्या वाड्यावर पसरला.

तोंडाचं बोळकं झालेल्या सासऱ्याने रस्सा ओरपला. "कालचं नुसतं मऊ व्हतं, पोरी," तो म्हणाला. "चव आज हाय. वाढ आणखी."

जाळाचं नाव कुणीच काढलं नाही. विस्तवाने राख अंगावर ओढून घेतली आणि सुखाने डोळे मिटले.