क्रेन बोलवा!

पशुपक्षी इंग्रजी शिकायचे, त्या काळची ही गोष्ट. शाळेच्या खिडकीशी उभं राहून एक करकोचा एवढंच शिकला, की आपल्याला इंग्रजीत 'क्रेन' म्हणतात. तेव्हापासून तो 'करकोच्या' अशा हाकेला ओ देईना.

एके दिवशी चंद्री म्हैस विहिरीत पडली. काठावरची माणसं ओरडली, "अरे, क्रेन बोलवा!"

करकोचा पंख फडफडवत हजर झाला. "आलो, आलो! इंग्रजीत बोलावलंत, बरं वाटलं." विहिरीत उतरून त्याने चंद्रीचं शिंग चोचीत धरलं आणि डोळे मिटून ओढलं. चोच वाकडी झाली आणि तो धपकन पाण्यात पडला.

"आता तुला काढायला कुणाला बोलवायचं?" चंद्रीने विचारलं.

तेवढ्यात घरघरत एक यंत्र आलं. "आली, क्रेन आली!" माणसं ओरडली. त्याने चंद्रीला अलगद उचललं. तिच्या पाठीवर बसून करकोचाही वर आला.

"माझं नाव चोरतोस?" तो यंत्रावर खेकसला.

"चोरलं नाही, आजोबा," यंत्र म्हणालं. "तुमची लांब मान बघूनच माझं नाव ठेवलंय."

करकोच्याचा राग पळाला. मान ताठ करून तो म्हणाला, "मग नीट उचलत जा, पोरा. घराण्याचं नाव आहे!"