विहिरीत सोडलेली गोष्ट

एका राज्यात... असंच सुरू करायचं ना? करतो. पण तुम्ही ताटावरून उठवून गोष्ट सांगायला बसवलंत, आणि अर्धपोटी माणसाच्या गोष्टीत गोडवा शोधू नये, एवढं ध्यानात ठेवा.

तर एका राज्यात हेमधर राजा राज्य करी. रानात एक खूप खोल विहीर होती, तिच्या तळाशी घोरकेतू मांत्रिकाची सोन्याची कळशी होती. "कळशी काढू नका," असं काठावरचा भारद्वाज पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याला बजावी. राजाने ऐकलं नाही. कळशी महालात आली, आणि त्याच दिवशी विहिरीने राजकन्या इंदुलेखाला तळाशी ओढून नेलं.

राजाने साखळदंड सोडले, ते वितळले. काथ्याचे दोर सोडले, ते जळाले. तेव्हा भारद्वाज बोलला.

"राजा, कळशी परत जाईल तेव्हा कन्या वर येईल. पण इथे गोष्टीचाच दोर टिकेल. विहीर तीन दिवस रोज सकाळी तोंड उघडेल. मग मिटेल ती कायमची."

त्या राज्यात कथेकरी बोलू लागला की त्याच्या मुठीतून दोर निघे. गोष्ट लांब, तर दोर लांब. आधीपासून ठरवलेला प्रसंग आला की दोराला गाठ पडे. रीत अशी होती की मोठी गोष्ट सांगण्याआधी ती सगळी प्रधानापुढे ठरवून घ्यायची.

राजाने गोंदाजीला बोलावलं. गोंदाजी म्हणजे दरबारचा म्हातारा कथेकरी, तोंडाचा फटकळ. इंदुलेखा त्याच्याच गोष्टी ऐकत वाढलेली. दर दोन वाक्यांनी ती "मग?" म्हणे, आणि तो दर वेळी तिला दटावी की मध्ये बोलू नये. महाल सुना झाल्यापासून त्याला मध्ये कुणी बोलत नव्हतं, आणि त्याला घास गोड लागत नव्हता.

प्रधान वक्रसेनाने त्याला दिवसभर बसवून घेतलं. घोडा कुठल्या रंगाचा, म्हातारी कुठे खोकणार, वाटेत ढग किती, सगळं ठरवलं. सकाळी दोराच्या टोकाला कळशी बांधून गोंदाजी सांगू लागला. दोर निघाला तो गाठीला लागून गाठ घेऊनच, आणि गाठींनीच लांबी खाल्ली. ठरलेलं संपलं तेव्हा कळशी अधांतरी लोंबत होती.

खालून इंदुलेखाचा आवाज आला, "आजोबा, हात पुरत नाही."

वक्रसेन सगळ्या लोकांदेखत म्हणाला, "हा कथेकरीच नव्हे. दरबारचं फुकट खाल्लं, आणि आता पोरीचा जीव घेतोय."

ते शब्द गोंदाजीच्या काळजात रुतून बसले. रागाच्या भरात दुसऱ्या दिवशी त्याने काहीच ठरवलं नाही. गोष्ट रानातून समुद्रात गेली, समुद्रातून बाजारात. मेलेली आई पुढच्या वळणावर जेवायला वाढत बसली. दोर मात्र सळसळत तळापर्यंत गेला. कळशी टेकली आणि इंदुलेखा चढू लागली. पण गोष्टीला शेवटच सापडेना. इंदुलेखा हातभर चढे, तेवढ्यात मुठीतून हातभर दोर आणखी सुटे. पाय रोवायला गाठ नाही, वर जाणं नाही. तिचे तळहात सोलले, पकड सुटली. विहिरीने कळशी काठावर भिरकावून दिली आणि तोंड मिटलं.

गोंदाजी कळशी मांडीवर घेऊन काठावरच बसून राहिला.

भारद्वाजाने विचारलं, "उद्याचं काय ठरवलंस?"

"शेवट ठरवला. तो ठरल्याशिवाय मूठ आवळत नाही. आणि चढणाऱ्याला दम खायला जागा लागेल, तेवढ्या तीन गाठी."

"मधलं?"

"ते उद्या बघू."

वक्रसेनाने मधलंही मागितलं. गोंदाजीने सांगितलं की मधलं तुमच्यासाठी नाही.

तिसरी सकाळ झाली. गोष्टीतला पोरगा घर सोडतो, तिथे पहिली गाठ पडली. जिवाभावाचं टाकून देतो, तिथे दुसरी. मुलूख आडवा येतो, माणसं भेटतात, दोर मऊ आणि लांब निघत होता. तिसरी गाठ पडली, ती पोरगा परत फिरतो तिथे. आणि मग म्हाताऱ्याचं डोकं रिकामं झालं. दोर थांबला. विहिरीचं तोंड आकसू लागलं. राजाने डोळे मिटले.

खालून बारीक आवाज आला, "मग?"

गोंदाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग काय," तो म्हणाला, "वाटेत नदी होती, आणि नावाडी रुसलेला."

"का रुसलेला?"

तो का ते सांगत गेला. ती विचारत गेली. दोर उतरत गेला. कळशी तळाला टेकली, पाण्याने ती आपल्या पोटात घेतली, आणि इंदुलेखाने दोर धरला. तेव्हा गोंदाजीने ठरवलेला शेवट उच्चारला. मुठीत शेवटची गाठ पडली आणि मूठ वज्रासारखी मिटली. पोरगी गाठीगाठीवर दम खात वर आली, काठावर बसली, आणि तिने प्यायला पाणी मागितलं. ते त्याच विहिरीचं दिलं. आता ती साधी विहीर होती, गोड्या पाण्याची.

लोकांनी मोकळा श्वास घेतला. घोरकेतूची जादू धुरासारखी विरली, भारद्वाज जोंधळ्याच्या शेतात उडून गेला. राजाने हात जोडून सगळ्यांची माफी मागितली, हाव आपलीच होती म्हणाला. मध्ये मध्ये बोलल्याबद्दल इंदुलेखाने माफी मागितली, तेव्हा गोंदाजी डाफरला, "बोलत जा." मग तो भाकरीला बसला, आणि किती तरी दिवसांनी त्याला भाकरी गोड लागली.

सगळं जागच्या जागी आलं. माफी मागायचा राहिला तो एकटाच. प्रधान वक्रसेन.