ठिपीला हवा पमीचा हात

सगूच्या गुडघ्यावर ठिपी राहायची. ठिपी म्हणजे एक पेशी. एवढुशी! डोळे फाडून बघा, दिसायची नाही.

शेजारी पमी. तीही पेशी. दोघींचा हातात हात. हाताला गुंडी.

सगू धावली. सगू पडली. धप्प!

गुंडी तुटली. हात सुटला. पमी त्या काठाला, ठिपी ह्या काठाला. मधे नुसतं खरचटलेलं.

"पमेऽऽ!"

"ठिपेऽऽ!"

हात पोचेना. ठिपीला करमेना.

ठिपीचं घर तिच्या पोटातच. म्हणून ती निघाली आपल्याच पोटात. डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"शिंपीदादा, शिंपीदादा, गुंडी शिव ना. पमीचा हात धरवेना."

"नमुना कुठाय? नमुन्याशिवाय मी सुई उचलत नाही. आत्याला माग."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

आत्या मधल्या खोलीत. नमुन्यांची पेटी तिच्यापाशी. पेटी कुणाला द्यायची नाही. नक्कल काढून द्यायची.

"आत्या, आत्या, नमुना दे ना. शिंपी गुंडी शिवेना, पमीचा हात धरवेना."

"गारठ्यात माझी बोटं चालत नाहीत. आधी चूल पेटव!"

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"चुली, चुली, पेट ना. आत्या नमुना देईना, शिंपी गुंडी शिवेना, पमीचा हात धरवेना."

"काय जाळू? माझं डोकं? साखर आण. दाराला सांग."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक.

"दारा, दारा, साखर घे ना. चूल पेटेना, आत्या नमुना देईना, शिंपी गुंडी शिवेना, पमीचा हात धरवेना."

"बाहेर असेल तर घेईन ना! रक्ताला विचार."

रक्त बाहेरून पळत होतं. धडक धडक, धडक धडक.

"रक्ता, रक्ता, साखर आण ना. दार साखर घेईना, चूल पेटेना, आत्या नमुना देईना, शिंपी गुंडी शिवेना, पमीचा हात धरवेना."

"माझे हात रिकामे! सगू जेवलीच नाही. तिलाच विचार."

सगू बसली होती गाल फुगवून. पुढ्यात गूळपोळी. मामी म्हणत होती, "दोन घास खा गं, नखरेवाले."

ठिपी ओरडली, "सगू, सगू, जेव ना. रक्त साखर आणीना, दार साखर घेईना, चूल पेटेना, आत्या नमुना देईना, शिंपी गुंडी शिवेना, पमीचा हात धरवेना!"

सगू म्हणाली, "आधी माझा गुडघा बरा होऊ दे. मग जेवीन."

ठिपी तडकली. "अगं बये! मीच तुझा गुडघा!"

सगू खाली वाकली. गुडघ्याला हळूच विचारलं, "तुला भूक लागली?"

"भूक लागली. आणि पमीची आठवण येते."

सगूनं आ केला. मामीनं घास दिला. मचक मचक, मचक मचक.

"अजून दे, मामी. हा गुडघ्याला."

सगू जेवली. रक्तानं साखर आणली. दारानं साखर घेतली. चूल पेटली. आत्यानं नमुना दिला. शिंप्यानं गुंडी शिवली.

ठिपी सरकली. इवलं इवलं. पमी सरकली. इवलं इवलं. एक दिवस गेला. दोन दिवस गेले. वर खपली धरली. खाली दोघी सरकतच राहिल्या.

बोटाला बोट लागलं.

"आलीस?"

"किती उशीर गं!"

हातात हात. गुंडी लागली, टच्च!

आता खपली ओढायची नाही. नखसुद्धा लावायचं नाही! खाली दोघी बोलत बसल्यात.